दहावा फर्मा

आये, त्या पुस्तकाचं नाव मला गेल्या महिन्यात कळलं. तुला नावाशी काही देणंघेणं नव्हतं म्हणा, तू त्याला 'बंडवाल्याचा बुक' म्हणायचीस आणि तेवढ्यावर आपलं भागायचं. पण मी चाळीस वर्षं एका बिननावाच्या पुस्तकाच्या मागे होते. लायब्ररीत जाऊन विचारणार तरी काय? "एका बंडखोराची ऐतिहासिक कादंबरी आहे, खूप जाड आहे, सुरुवात माहीत नाही, शेवट माहीत नाही, लेखक कोण तेही माहीत नाही." काउंटरवरची बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघायची आणि मागच्या माणसाचं कार्ड हातात घ्यायची. शेवटी बोरिवलीत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे जुन्या पुस्तकांच्या टेबलावर एक पाठ उसवलेला ठोकळा सहज मधेच उघडला, तर करवंदीच्या जाळीत माणूस लपून बसलेला. आधी तुझं बोलणं आठवलं आणि मग पुस्तक ओळखलं. "करवंदीत कोण लपता गो? काटे खय जातले? ह्या लिवणाऱ्यान घाट बघूकच नाय." मी तिथे उभ्या उभ्या मोठ्याने हसले. शेजारचे गृहस्थ दोन पावलं सरकले. हसू थांबेना आणि मग ते हसूही राहिलं नाही, तेव्हा पुस्तक घेऊन बाहेर आले. त्या पुस्तकातल्या दहाव्या फर्म्यात तुझा हात चुकला नव्हता, आये. हे तुला सांगायचं राहिलं. म्हणून लिहायला बसलेय.

मी आता एकटीच असते बोरिवलीला. लग्न केलं नाही हे तुला माहीत आहे, त्यावरून तू माझं किती डोकं खाल्लंस तेही तुला माहीत आहे. नोकरी मुदतीआधीच सोडून तीन वर्षं झाली, तू जाऊन एकवीस. दुपारी जेवण झालं की गॅलरीत खुर्ची टाकते आणि वाचते. हे पुस्तक संपवायला मला सव्वीस दुपारी लागल्या. काय लिहिलंय गं बाई! एकेक वाक्य अर्धं पान चालतं, श्वास घ्यायला जागा नाही. मधेच बखरीसारखी जुनी पत्रं, मधेच कुठल्या देशमुखाच्या सात पिढ्या, मुचलके काय, जप्त्या काय, तैनाती काय. घाटातल्या जकातीच्या नाक्यावरचा एक साधा हवालदार, त्याच्यावर फितुरीचा आळ येतो आणि तो रानात पळतो, एवढीच गोष्ट; पण ती सहाशे पानांच्या आत अशी दडवून ठेवलीय की शोधता शोधता डोक्याची मंडई होते. दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. मग स्वतःलाच म्हटलं, तेव्हा तेराव्या वर्षी डोळे फाडून वाचलंस ना, मग आता काय नखरे करतेस? एक मात्र वाईट झालं. अवघड वाक्य आलं की मी ते मोठ्याने वाचायची आणि वाचून झाल्यावर थांबायची. कशासाठी थांबतेय ते पहिल्या दोन-चार दुपारी लक्षातच आलं नाही. तू काहीतरी बोलशील म्हणून थांबत होते. समोर कपडे वाळत होते, बाकी कोणी नव्हतं.

आपल्या घरात पुस्तक शिरलं ते संपामुळे. गिरणी बंद पडली, बाबा "भात लावून येतंय" म्हणून गावाक गेले ते तिकडचेच झाले, आणि भांडुपच्या टेकडीवरच्या त्या खोलीत आपण दोघीच उरलो. कुणीतरी तुला स्टेशनजवळच्या बाइंडिंगच्या कारखान्याबद्दल सांगितलं. तिथे छापलेले मोठे कागद यायचे. एकेका कागदावर पुढे आठ आणि मागे आठ पानं, त्यातली निम्मी डोक्यावर उभी. त्या कागदाला म्हणायचं फर्मा. तीन घड्या बरोबर पडल्या की सोळा पानं शहाण्या मुलांसारखी ओळीने उभी राहायची, मग कारखान्यात फर्मे येतील तसे एकावर एक लावून शिवत जायचे की झालं पुस्तक. घड्या घालायचं काम मालक बायकांना घरी द्यायचे. तू गठ्ठा डोक्यावरून आणायचीस, टेकडी चढून, मधे कुठेही न टेकता. टेकवला तर खालचा कागद मळतो म्हणून.

तुला अक्षर येत नव्हतं. आकडाही नाही, नोटा तू रंगावरून ओळखायचीस. म्हणून मालक गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या कागदाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने फुली मारून द्यायचे. फुली वर आणि उजव्या हाताला ठेवायची, की घडी चुकणं शक्य नाही. आणि तुझी चुकायचीच नाही. जमिनीवर फळी, फळीवर कागद, डावा हात कोपऱ्यावर, उजव्या हातात ती हाडाची गुळगुळीत पट्टी. सर्र, सर्र, सर्र, झाला फर्मा. कोपऱ्याला कोपरा असा बसायचा की मी शाळेतल्या पट्टीने मोजून बघितलं होतं. मालक बाकीच्या बायकांचं काम उलटून पालटून तपासायचे, तुझं नुसतं मोजून घ्यायचे. हे तू घरी येऊन मला दर वेळेला सांगायचीस. दुसरं काही मिरवायला नव्हतं आपल्याकडे. बाबा नाहीत, पगार नाही, शेजारणी तोंडावर गोड आणि मागे "हिचो घो पळालो" म्हणणाऱ्या. तुझा हात मात्र सगळ्यांत सरस होता आणि ते तुला ठाऊक होतं.

बंडवाल्याचा पहिला फर्मा आपल्याकडे आलाच नाही, तो कांजूरच्या कुणा बाईकडे गेला. पुस्तकाचं नाव त्यात होतं, म्हणून ही सगळी रड. आपल्याकडे आला दुसरा. मी त्यातला एक घडी घातलेला उचलला. पानं वरून जोडलेली असायची, कापणी शेवटी व्हायची. त्यामुळे खिडकीची फट किलकिली करून बघावं तसं डोळा आत घालून वाचायला लागायचं. मान दुखायची. मी मनातल्या मनात वाचत होते तर तू म्हणालीस, "मोठ्यान् वाच गो, माका पण कळांदे." आणि मग ते आपलं रोजचंच झालं. तुझे हात चालू आणि माझं तोंड चालू. तिसरा आला, चौथा नाही, पाचवा आला, सहावा नाही. मधल्या सोळा-सोळा पानांत काय झालं ते आपण दोघींनी भांडून ठरवायचं. त्याची बायको पाचव्या फर्म्यात माहेरी निघाली होती आणि सातव्यात परत घरीच होती, तर तू म्हणालीस, "भावजयेन् ठेवूक नसतला." मी म्हटलं, "तुला काय माहीत?" तर म्हणालीस, "माका नाय ठावक मग कोणाक ठावक?" शब्द अडले की आपण सरळ पुढे जायचो. मुचलका म्हणजे काय ते मला येत नव्हतं, तुला तर नव्हतंच; तू म्हणालीस काहीतरी वाईटच असणार, कारण सही करताना त्याने मान खाली घातली. आता कोशात बघितलं, सरकारला लिहून दिलेली हमी. बरोबर होतीस.

दहावा आला त्या दिवशी मी दुपारी शाळेतून आले तेव्हा तू घरी नव्हतीस, रॉकेलच्या रांगेत होतीस. गठ्ठा कोपऱ्यात चादरीखाली ठेवलेला. घडी पडल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही ही तुझी सक्त ताकीद होती, एकदा मी सुटा कागद ओढला तेव्हा पाठीत धपाटाही मिळाला होता. पण सातवा, आठवा आणि नववा तिन्ही आपल्याकडे आले होते, हा ओळीने चौथा फर्मा, मधे खड्डा नाही! आणि नवव्याच्या शेवटी त्याला गावच्या पाटलाने दूध प्यायला घरी बोलावलेलं, दुधात काय होतं ते दहाव्यात कळणार. मला कुठला धीर. चादर काढली आणि वाचायला लागले. निम्मी पानं उलटी, म्हणून मी गठ्ठ्याभोवती गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालत होते. मधली आठ पानं वरच्या बाजूला नव्हतीच, पाठीमागे होती. सुटा कागद उचलला तर कोपरा मोडणार, बोटं उठणार आणि तुला कळणार. मग मी हुशारी केली. फुलीचा कागद आणि त्याखालचे दहा-वीस तसेच अलगद उचलून बाजूला ठेवले, आणि खालचा जाड थर दोन्ही हातांनी धरून भाकरी उलटवावी तसा उलटा केला. झकास जमलं. एका कागदालाही चुणी नाही. वाचत वाचत शेवटच्या पानावर आले: नदी फुगलेली, मागे घोडेस्वार, नावाडी नाव सोडून पळालेला, आणि "त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि" इथे पान संपलं. तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, "पाणी इला, पाणी इला!" मी बाजूला ठेवलेले कागद वर ठेवले, फुली वर, उजव्या हाताला, अगदी बरोबर. चादर घातली आणि हंडा घेऊन पळाले. खालचा थर उलटाच राहिला.

संध्याकाळी तू घड्या घालायला बसलीस. वरचे कागद सरळ होते, त्यांतलाच एक माझ्या हातात. मी पहिल्यांदाच वाचतेय असं नाटक करत वाचलं, दुधाच्या पेल्यापाशी मुद्दाम थांबले तर तू पट्टी उगारलीस. नदीपाशी आलो तेव्हा तुझा हात खरंच क्षणभर थांबला. "पोवूक येता मां तेका?" तू विचारलंस. मी म्हटलं, पुढच्यात कळेल. अकरावाही आपल्याचकडे यायचा होता, मालकांनी तसं सांगितलं होतं. तू हसलीस आणि परत सर्र, सर्र. तुझ्या हाताखालून उलटे कागद जात होते आणि कोपऱ्याला कोपरा तसाच बसत होता.

शनिवारी कारखान्यातून बोलावणं आलं. शाळा सकाळचीच होती म्हणून मीही आले तुझ्याबरोबर. मालक वाईट माणूस नव्हते गं, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पहिले दहा फर्मे शिवलेला एक ठोकळा तुझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हे बघा बाई. इथे एकशे पंचेचाळीस हवं, तर वर आलंय एकशे सत्तेचाळीस. जवळजवळ अर्धा गठ्ठा असा आहे. शिलाई झाल्यावर कळलं. तुमचं काम म्हणून मी तपासलंही नाही." तू त्या ठोकळ्याकडे बघत होतीस. त्या आकड्यांतलं तुला काही कळत नव्हतं आणि तू मान हलवत होतीस. मला मात्र बघताक्षणी कळलं. एक वाक्य बोलायचं होतं मला, "गठ्ठा मी उलटा केला," बस. मी तुझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. मग तू म्हणालीस, "माझोच हात चुकलो असतलो. ह्या वाचता आणि मी ऐकत रवतंय. ध्यान नाय रवला माझा." मालक म्हणाले, "होतं बाई, पण आता मला तुम्हाला काम देता येणार नाही. छापखानेवाले माझ्या डोक्यावर बसलेत." तू "होय" म्हणालीस. हाडाची पट्टी कमरेला खोचलेली होती, ती काढून तू त्यांच्या टेबलावर ठेवलीस.

त्यानंतर तू मुलुंडला एका घरी स्वयंपाकाला लागलीस आणि आपलं चाललं. उपाशी नाही राहिलो. बाबाही दोन वर्षांनी परत आले, उगवले एकदाचे. काम गेलं ते गेलं, त्याचं मी कसंतरी गिळलं असतं. पण तू स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायचं सोडून दिलंस. सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आलीस, डॉक्टर म्हणाले नजर चांगली आहे, तरी तुझं समाधान नाही. साडीची घडी घातलीस की विचारायचीस, "बघ गो, सरळ इली मां?" माझ्या गणवेशाची घडी, चादरीची घडी, देवाच्या पाटावरचं वस्त्र, सगळ्याला तेच. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलच्या पलंगावर रुमालाची चौकोनी घडी घालून तू नर्सला दाखवलीस. ती बिचारी म्हणाली, "छान आहे आजी." आणि मी पायथ्याशी उभी. तेव्हा मी पस्तिशीची होते, आये. तेरा वर्षांची नव्हते. तेव्हा कोण माझ्या पाठीत धपाटा घालणार होतं?

आणि वाचणं. ते तर तू कापूनच टाकलंस. मी कितीदा म्हटलं, लायब्ररीतून आणते, तू भाजी निवड, मी वाचते. "नको गो, माका झेपूचा नाय. कानात गोष्ट गेली काय हातातला जाता." आयुष्यात तुला एकच चैन मिळाली होती, तीही फुकटची, आणि तुझी समजूत झाली की त्या चैनीपायी वाट लागली. तुला ती गोष्ट किती आवडत होती ते फक्त मला माहीत होतं, आणि मीच गप्प बसले. भ्याड. दुसरा शब्द नाही.

तर एकशे एकसष्टावं पान. अकराव्या फर्म्याचं पहिलं. चाळीस वर्षं माझा जीव ज्याच्यात अडकला होता ते पान मी उघडलं. तर तिथे काय? "त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि खालच्या अंगाला उतार होता तिथून तो पलीकडे गेला, इकडे त्या साली परगण्याची जमाबंदी..." आणि पुढे अकरा पानं जमाबंदी! नदी त्याने अर्ध्या वाक्यात ओलांडली गं. पायी पार होण्याजोगं पाणी होतं, पोहायलासुद्धा लागलं नाही. तुला सांगायला हवं होतं, उतार होता म्हणून. तू म्हणाली असतीस, "मगे तेवा नाय सांगूचा?" आणि त्या लिहिणाऱ्याला चार शिव्या घातल्या असत्यास.

हे कागद मी कुठे पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला वाचून दाखवणारी मीच. घडी घालून कपाटात ठेवीन, माझ्यामागे रद्दीत जातील. पण लिहिलंच आहे तर त्या शनिवारचं जे गाळलं तेही लिहिते, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. कारखान्याच्या पायऱ्या उतरून आपण खाली आलो. तू मला "हय थांब" म्हणालीस आणि एकटीच परत वर गेलीस. मला वाटलं, हातापाया पडून काम मागायला गेली असशील. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात एक कागद होता, उसवून परत सरळ करताना फाटलेला, आडव्यातिडव्या चुण्या पडलेला. तुझे डोळे लाल होते, पण तू हसत होतीस. "फुकट जाऊचो होतो. मालकांका म्हटलंय, माझ्या चेडवाक वाचूची हौस आसा, तेका देवा." दहावा फर्मा होता. मी तो हातात घेतला. तुझं काम गेलं ह्याचं मला त्या वेळी काहीही वाटलं नाही, आये. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हा तर माझा वाचून झालाय, मागायचाच होता तर अकरावा मागायचास.